एकटीचं तिकीट, दोघांचे पैसे

परवा मुंबई-गोवा क्रूझची चौकशी करायला गावातल्या ट्रॅव्हल एजंटाकडे गेले. त्यानं फॉर्म पुढे ओढला, माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "दुसरं नाव?" म्हटलं, दुसरं नाही, मी एकटीच. पेन थांबलं. मग कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवून त्यानं जो आकडा दाखवला, तो जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट! वर सल्ला, "ताई, एखादी मैत्रीण शोधा ना."

यामागचा हिशेब असा. जाहिरातीत 'माणशी इतके' छापतात, ते केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून. एकटी गेली तर रिकाम्या पलंगाचं भाडंही तिच्याकडूनच. याला म्हणतात सिंगल सप्लिमेंट. शिवाय जहाजाची कमाई नुसत्या तिकिटावर नसते. बार, कॅसिनो, स्पा, बंदरावरच्या सहली, सगळीकडे पैसा असतो. माणूस एक कमी, म्हणजे गल्लाही तेवढा कमी. व्यापाऱ्याच्या जागी बसलं तर गणित चुकीचं नाही. पण भुर्दंड पडतो कुणाला? अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाईला. आणि हो, "मला बोट लागते, तूच जाऊन ये" म्हणणाऱ्या नवऱ्याच्या बायकोलासुद्धा!

महिलांच्या खास सहली आहेत, तिथे जोडीला दुसरी बाई देतात. चांगली सोय आहे, तिच्या घोरण्यासकट. पण ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा चार दिवस स्वतःची खोली हवी आहे, तिनं काय करायचं?

असं नाही की हे बदलता येत नाही. २०१० साली आलेल्या 'नॉर्वेजियन एपिक' जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी १२८ केबिन्स होत्या. जेमतेम शंभर चौरस फुटांच्या, समुद्राकडे खिडकी नाही, पण गप्पा मारायला वेगळी बैठकीची खोली. आपल्याकडे २०१८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या 'आंग्रिया'वर डॉर्मिटरीतले बिछानेही होते. त्याही आधी कोकणच्या बोटीत बायका डेकवर पथारी पसरून, पोरं-बोचकी सांभाळत मुंबई गाठायच्या. तेव्हा एका माणसाचं एकच तिकीट होतं.

सरकारनं ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे आहेत. २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. टर्मिनलची, धक्क्यांची चर्चा भरपूर ऐकली. एकटीच्या केबिनबद्दल मात्र चकार शब्द कानावर आला नाही. हे दुप्पट प्रवासी काय सगळे जोडीनंच येणार आहेत?

मी एजंटाला सांगून आलेय, दुसऱ्या नावाच्या रकान्यात रेघ मार. आणि कंपनीला विचार, शेवटच्या आठवड्यात रिकाम्या राहिलेल्या केबिनचा एकटीला काय भाव लावता? बंदराचे आकार आणि कर धरून सगळा आकडा कागदावर दे म्हटलं. अजून त्याचा फोन आलेला नाही.