धाराशिवने दिलेला पुरावा औंढ्याला कधी पोहोचणार?

खासगी फाउंडेशनने कर्करोग संशोधनाला पैसा दिला, तर गावाच्या पदरात काय पडते? उत्तर मराठवाड्यातच आहे.

काय झाले होते?
१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर अभ्यास सुरू झाला. निधी बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. काम टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचे. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला होत्या.

निष्कर्ष काय?
२००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फक्त एकदा एचपीव्ही चाचणी व गरजेनुसार उपचार केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४.

मग अडले कुठे?
जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच चाचणीला पहिली पसंती दिली. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेचा भर मात्र ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्यावर आहे. उस्मानाबादच्या अभ्यासात त्या पद्धतीने मृत्यूंत ठोस घट दिसली नव्हती.

फाउंडेशन पुरावा उभा करू शकते. चाचणी गावोगावी नेणे सरकारचेच काम आहे. धाराशिवच्या महिलांमुळे जे कळले, त्याचा लाभ औंढा नागनाथच्या महिलांना जवळच्या आरोग्य केंद्रातच मिळायला हवा.