सायलेन्सरवरचा रंग

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर, कुठेही जा, बंदरावर ऑइलपेंटचा वास असतो. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. शाकारलेल्या बोटी उघड्या होतात, नावे नव्याने रंगतात, फळ्यांच्या फटी भरल्या जातात. मग कोणीतरी इंजिनघरात उतरतो आणि सायलेन्सरच्या पाइपावरही रुपेरी रंगाचा एक हात मारतो. आमचा आक्षेप या एका हाताला आहे.

त्या रंगाखाली काय गेले? मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा फराटा होता. पॅकिंग जळले की धूर तिथूनच बाहेर पडतो आणि खूण सोडतो. थोडे पुढे, एल्बोच्या वळणाखाली, गंजाचा तांबडा ओघळ होता. म्हणजे आतून खारे पाणी झिरपत होते. गेल्या हंगामात इंजिनाने दिलेली ही लेखी तक्रार. ती वाचण्याआधीच पुसली.

रंगाने उष्णता कमी होत नाही. कोरड्या सायलेन्सरमधून जाणारा वायू इंजिनावर पूर्ण भार असताना चारशे अंशांच्या पुढे जातो. पाइपाभोवतीचे गुंडाळण सुटले असेल आणि शेजारी लाकडी फळी असेल, तर ती फळी रोज थोडी थोडी करपते. करपलेले लाकूड नव्या लाकडापेक्षा लवकर पेटते. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून दोनशेव्या दिवशी होणार नाही, असे समजणे चूक आहे.

समुद्राचे पाणी सोडून धूर थंड करणाऱ्या इंजिनात धोका वेगळा आहे. तिथे एल्बो बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून खाल्ला जातो. मीठ, उष्णता आणि डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल, तिघे मिळून ओतीव लोखंड पोखरतात. आत काजळी आणि क्षार साचून वाट अरुंद होते. धूर मागे दाबला जातो, इंजिन तापते, काळा धूर सोडते, डिझेल जास्त खाते. मधली भिंत फुटली तर पाणी सिलिंडरपर्यंत पोचू शकते, आणि पाणी दाबले जात नाही. दाब आला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. किनाऱ्यापासून दूर, वारा सुटलेला असताना हे घडले तर मेकॅनिक कुठून आणायचा?

पण यापेक्षा गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डिझेल इंजिनात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे खरे. पण जोड गळका, इंजिनघर बंद, पावसामुळे झाकण लावलेले आणि वरच्या केबिनमध्ये झोपलेले खलाशी, असा मेळ जमला की ‘कमी’ या शब्दावर विसंबता येत नाही. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. नव्या पोराला बोट लागली असे सगळे म्हणतात. जुन्या खलाशाला ऊन लागले किंवा पित्त झाले असे तो स्वतःच म्हणतो. त्याला केबिनमध्ये नेऊन झोपवतात, म्हणजे तो वायू जिथे साठतो तिथेच. अशा वेळी त्याला उघड्या वाऱ्यावर आणायला हवे आणि इंजिनघराचे झाकण उघडायला हवे. हे किती तांडेलांना कोणी सांगितले आहे?

बोईसर-चिल्हार रस्त्यावरच्या ट्रकला धुराचा दाखला लागतो. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक बोटींत त्याच घराण्यातली सहा सिलिंडरची इंजिने आहेत. ट्रकचा धूर निदान मागे रस्त्यावर पडतो. बोटीतला माणूस त्याच धुराच्या पाइपाजवळ जेवतो आणि झोपतो. त्याच्यासाठी मात्र कोणी तो जोड उघडून पाहत नाही.

काम अवघड नाही. ते जूनमध्ये करायचे काम आहे, इतकेच. बंदी एकसष्ट दिवसांची असते. जुलैअखेर सगळ्यांनाच मिस्त्री हवा असतो, म्हणून कोणालाच नीट मिळत नाही. बोट शाकारण्याआधी एल्बो सोडावा, बॅटरी मारून आत पाहावे. पाइपावर हातोडी हलकी मारावी: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बदला. रबरी होज दाबून पाहावा. मऊ पडला, फुगला किंवा आतला थर सुटला असेल तर तो गेला. क्लिपा दोन असाव्यात, गंजलेली एकही नको. जुने पॅकिंग पुन्हा बसवू नये. त्याची किंमत एका फेरीच्या बर्फापुढेही किरकोळ असते. नंतर गार इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर पुन्हा खोलावे.

पापलेट घटल्यापासून नाखव्याचा हात आखडलेला आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच हे एकट्या नाखव्यावर सोडू नये. मच्छीमार सहकारी संस्था सभासदांना डिझेल देतात, बर्फ देतात. त्यांनी जूनमध्ये एक जाणता मेकॅनिक नेमून प्रत्येक सभासदाच्या बोटीचा सायलेन्सर उघडून घ्यावा. हंगामापूर्वी नौकांची सरकारी तपासणी होतेच. जीवरक्षक जाकिटे मोजणाऱ्याने त्याच फेरीत इंजिनघरातही उतरावे. आणि मेकॅनिकची सही झाल्याशिवाय त्या पाइपाला ब्रश लागू नये.