जिन्यातला दिवा कोणाचा?

'दिव्याखाली अंधार' या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना तिचा अनुभव मात्र रोज येतो. प्रत्येक खोलीत लख्ख उजेड आणि जिन्यात मोबाईलचा टॉर्च! खोलीतला दिवा माझा, जिन्यातला सगळ्यांचा. आणि जो सगळ्यांचा, तो कोणाचाच नाही.

मी हिंगोलीची. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची कितीतरी मुलं-मुली शिकायला हिंगोलीत येतात. खाली घरमालक, वर भाड्याच्या खोल्या आणि मधे एक अरुंद जिना, अशी घरं गावात भरपूर. जिन्यातला दिवा संध्याकाळी लावायचा कोणी आणि बंद करायचा कोणी, यावरून तिथे रोज कुरकुर. त्यातून तो दिवा एखाद्याच खोलीच्या सबमीटरवर असला की संपलंच. "सगळ्यांचं बिल मी का भरू?" म्हणत तो बिचारा एक दिवस बल्बच काढून ठेवतो. मग मालक म्हणतात, "टायमर बसवू, भांडणच मिटेल." टायमर येतो आणि रात्री दहाच्या ठोक्याला जिना गुडूप होतो. दहानंतर लायब्ररीतून किंवा बसने येणारी मुलगी भिंत चाचपडत वर जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की टायमर जरूर बसवा, पण तो चढणाऱ्या माणसासाठी बसवा, बिलासाठी नको.

बिलाचं म्हणाल तर हिशोब करू या. आपण इंजिनिअर आहोत ना? चार दिवे, रोज बारा तास. जुने ६० वॅटचे बल्ब असतील तर महिन्याला सुमारे ८६ युनिट. एवढ्यासाठी मालकाने डोळे वटारले तर समजू शकतं. पण तेच दिवे ९ वॅटचे एलईडी असतील तर रात्रभर जळूनही महिन्याला फक्त १३ युनिट. टायमरने ते संध्याकाळी सहा ते रात्री अकरा एवढेच चालू ठेवले, तर साडेपाच युनिट. म्हणजे वाचले साडेसात. आठ खोल्यांत वाटले तर खोलीमागे एक युनिटसुद्धा नाही! एवढ्यासाठी कोणी पायरी चुकून पाय मोडून घ्यायचा?

आता टायमर कोणता, ते बघू. घड्याळासारखी चकती असलेला स्वस्त टायमर आपल्याकडे फार फसवतो. त्याची मोटर विजेवरच फिरते. लाईट दोन तास गेली की घड्याळही दोन तास मागे पडतं आणि सहाला लागायचा दिवा आठला लागतो. घ्यायचाच तर आत बॅटरी असलेला घ्यावा. तरी दुसरी अडचण उरतेच. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातच्या. म्हणजे वर्षातून दोन-चार वेळा कोणीतरी वेळ बदलायला हवी. ते 'कोणीतरी' कोण, हा परत तोच प्रश्न!

उजेड ओळखणारा सेन्सर त्याहून बरा. अंधार पडला की दिवा लागतो, उजाडलं की बंद. फक्त त्याच दिव्याचा उजेड सेन्सरवर पडू द्यायचा नाही, नाहीतर रात्रभर लुकलुक चालते. तिसरा प्रकार बटणाचा. दाबलं की तीन-चार मिनिटं उजेड, मग आपोआप बंद. यात बटण प्रत्येक मजल्यावर हवं, अंधारात दिसावं म्हणून त्यात बारीक इंडिकेटर हवा आणि वेळ पाण्याची बादली घेऊन चढणाऱ्या आजीच्या चालीने ठरवावी, आपल्या उड्यांच्या हिशोबाने नाही. माझी पसंती सेन्सरला.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'स्टेअरकेस वायरिंग' हा शब्द आधी आला, 'जिन्याची वायरिंग' नंतर. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ती सगळ्यांनी बोर्डवर जोडली आहे. दोन टू-वे स्विच, खालून लावा, वरून बंद करा. पण म्हणून मालकाच्या बोर्डात हात घालू नका. जुन्या घरांत स्विचबोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आलेलीच नसते. बहुतेक टायमरना ती लागते, म्हणजे नवी वायर ओढावी लागते. फेज टायमरमधून न्यायची आणि न्यूट्रल सरळ दिव्याला. हे काम मेन स्विच बंद करून लायसन्सवाल्या वायरमननेच करावं. आपण शेजारी उभं राहून प्रश्न विचारावेत, तेवढं शिक्षण पुष्कळ.

"फुकट उजेड का देऊ?" असं काही मालक विचारतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला योग्य कारणाशिवाय भाडेकरूच्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. या सोयींत पाणी आणि वीज तर आहेच, पण बोळातले आणि जिन्यातले दिवेही आहेत. कायदा करणाऱ्यांना जिन्यातला अंधार माहीत होता म्हणायचा! पेईंग गेस्टची गोष्ट कायद्यात वेगळी आहे, पण जिना तर तोच ना?

मालकांची बाजूही खोटी नाही. दिवसाढवळ्या जळणारे दिवे मीही बघितलेत. सवय आपलीच वाईट. म्हणून जिन्याचे दिवे मालकाच्या मीटरवर घ्यावेत, खर्च भाड्यात उघडपणे धरावा आणि खोली घेतानाच हे बोलून घ्यावं. भाडं, डिपॉझिट, पाणी हे सगळं आपण विचारतो. "जिन्यात रात्री लाईट असते का?" हे कोणी विचारत नाही.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, हसू नका. पॅसेजमधला उडालेला बल्ब बघून आपण सगळेच "कोणीतरी सांगेल" म्हणत पुढे जातो. रेक्टर सर आणि मॅडमना विनंती, की जिने आणि पॅसेजचे दिवे सेन्सरवर घ्यावेत. वायरिंगचा आराखडा काढून द्यायला इलेक्ट्रिकलची मुलं आहेतच. तोपर्यंत बल्ब उडालेला दिसला तर पहिल्याने सांगायचं. दुसऱ्याची वाट बघायची नाही.