स्वस्तातील जुनी ठासणीची बंदूक : घ्यावी की न घ्यावी ?

मका कणसात आला आणि भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, की अकोले, संगमनेर, पारनेर या तालुक्यांतील डोंगरकडेच्या गावांत शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा एक कळप शिरला, तर चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीमोल होते. अशा वेळी कोणीतरी सुचवितो, “अमक्याच्या घरी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक पडून आहे, स्वस्तात देतो म्हणतो.” मग ‘घ्यावी का?’ हा प्रश्न कृषी सहायकाकडे येतो आणि प्रस्तुत लेखकाकडेही येतो. त्याचे उत्तर उडवाउडवीने देणे योग्य नव्हे.

माझे स्पष्ट मत असे, की अशा खरेदीत किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न परवान्याचा, दुसरा जनावराचा आणि तिसरा नळीचा. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक आली, तरच किमतीची बोलणी करावीत.

प्रथम परवाना. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखली आहे; म्हणून आडमार्गाने जाण्याचे कारण नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा असून पोलिसांकडून चौकशी होते. अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असावे लागते. ‘ही जुनी वस्तू आहे, हिला परवाना कशाला?’ असे विकणारा म्हणेल. तो गैरसमज आहे. जी बंदूक चालवावयाची, तिला परवाना हवाच; बिनपरवाना बाळगल्यास तुरुंगवास होतो. परवानाधारकाला स्वतःची बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकावयाची असेल, तर त्याने घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावे लागते. बंदुकीवर निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा अन्य मान्य ओळखखूण असणेही आवश्यक आहे. खूण घासलेली दिसली, तर त्या बंदुकीला हातही लावू नये.

दुसरा प्रश्न जनावराचा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या रानडुकराबाबतही अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे 1980 पासून काळविटांचे अभयारण्य आहे. त्या भागात काळवीट पिकात येतात हे खरे. परंतु काळवीट व बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि केवळ पीक खाल्ले म्हणून काळवीट मारण्याची परवानगी कायदा देत नाही. उसातील बिबट्याच्या भीतीने बंदूक घेऊ पाहणाऱ्यांना तर माझे निक्षून सांगणे आहे, की एका बारानंतर पुन्हा भरण्यास वेळ लागणारे हे हत्यार त्या कामाचे नाही. जखमी बिबट्या हा धडधाकट बिबट्यापेक्षा गावाला अधिक धोक्याचा. त्याबाबत वनखात्यालाच कळवावे.

आता तिसरा प्रश्न, प्रत्यक्ष परीक्षेचा. ती परवानाधारक मालकाच्या समक्ष, त्याच्याच घरी करावी. ठासणीच्या बंदुकीत दारू व छर्रे नळीच्या तोंडातून भरतात, त्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून कळत नाही. काही वर्षांपूर्वी अकोले तालुक्यातील एका घरी मी अशी बंदूक पाहिली. आढ्याला अनेक वर्षे टांगलेली ती बंदूक रिकामीच आहे, असे सारे घर सांगत होते. खाली मुले खेळत होती. गज आत सोडून पाहिला, तेव्हा तो तळापासून सुमारे तीन इंच अलीकडेच थांबला. आत जुना बार तसाच होता. कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षे जिवंत राहते, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणून पहिली परीक्षा गजाची. टोपी बसवलेली नाही याची खात्री करावी. नळीचे तोंड निर्जन दिशेला व स्वतःच्या तोंडापासून दूर ठेवावे. गज अलगद तळापर्यंत सोडून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी. मग गज बाहेर काढून ती खूण नळीच्या तोंडाशी जुळवून बाहेरून धरावा. ज्या सच्छिद्र बोंडीवर टोपी बसते, तिच्याजवळ गजाचे टोक पोहोचले पाहिजे. अलीकडे थांबले, तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरू नये; परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडूनच काढून घ्यावे. दुनळी असल्यास दोन्ही नळ्या तपासाव्यात.

बंदूक रिकामी ठरल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. नळीवरून तळहात फिरवावा. कोठे फुगवटा, पोचा, चीर वा डाग दिल्याची खूण लागली, तर बंदूक नाकारावी. गजाला घट्ट चिंधी गुंडाळून आत फिरवावी. वरवरचा तांबूस गंज निघून जातो, परंतु तळाशी चिंधी अडकू लागली तर धातू खाल्ला गेला आहे असे समजावे. स्फोटाचा सर्वांत मोठा दाब तेथेच बसतो. बोंडीचे छिद्र झिजून मोठे झाले असल्यास आगीचा फवारा उलट चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. घोडा अर्धा चढवून चाप ओढावा. तो सुटता कामा नये. पूर्ण चढवून मागून अंगठ्याने दाबावा. निसटता कामा नये. दस्ता मनगटापाशी तडकलेला नसावा. बोंडी बदलता येते, दस्ता सांधता येतो. खराब नळीला मात्र उपाय नाही. शेवटचा निर्णय दुरुस्ती करणाऱ्याच्या पाहणीनंतरच घ्यावा.

घेतल्यावरही पथ्य आहे. अशा बंदुकीत परवानाधारक विक्रेत्याकडील काळी दारूच वापरावी. काडतुसातील धूररहित दारू घातल्यास नळी फुटते. बारातील जळती चिंधी वाळल्या पिकात पडली, तर वाचवावयाचे पीकच पेट घेईल. भरलेली बंदूक घरात कधीही ठेवू नये.

यावर कोणी शेतकरी म्हणेल, “साहेब, पंचनाम्याने पोट भरत नाही.” हे दुःख मला मान्य आहे. भरपाईला विलंब लागतो आणि ती तुटपुंजी वाटते. परंतु बंदूक एका रात्री, एका बांधावर, एका जागत्या माणसाच्या हाती उपयोगी पडते. कळप शेजारच्या शिवारात जातो आणि परत येतो. तेच पैसे दहा शेतकऱ्यांनी एकत्र करून सामाईक सौर कुंपण घातले, तर ते रोज रात्री राखण करते. मात्र कुंपणात घरातील विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा असून त्यात माणसे दगावतात.

कृषी सहायकांनी म्हणूनच बंदुकीचा विषय निघताच प्रथम कुंपणाची व पाळीच्या राखणीची बैठक बोलवावी आणि नुकसानीची माहिती त्याच दिवशी वनरक्षकास द्यावी. त्यानंतरही ज्याला बंदूक आवश्यक वाटेल, त्याने ती उघडपणे, कागदोपत्री आणि गजाची परीक्षा करूनच घ्यावी. आढ्याला टांगलेली, कोणाच्याही हिशेबात नसलेली बंदूक पिकाचे रक्षण करीत नाही. ती घरातल्या मुलांवर रोखलेली असते.