फेस गुलाबी का झाला?

सकाळी ब्रश करून थुंकलं की फेस गुलाबी दिसतो. आपण काय करतो? नळ सोडतो आणि लेक्चरला पळतो. डोळ्यातून रक्त आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. हिरडीतून आलं की मात्र, 'होतं रे असं कधीकधी!'

त्या हिरडीच्या फटीत कदाचित एक भाडेकरू राहत असेल. एन्टामिबा जिंजिव्हॅलिस, एकपेशीय जीव. १८४९ मध्ये दातांवरच्या किटणात सापडलेला हा माणसातला पहिला अमिबा. बॅक्टेरिया आणि आपल्याच पांढऱ्या पेशींवर तो ताव मारतो. तो लाळेतून पसरतो, म्हणजे किस किंवा ग्रुपमध्ये फिरणारी उष्टी बाटली.

आता लगेच 'ई!' करून माउथवॉश ऑर्डर करू नका. निरोगी तोंडातही तो सापडतो, फक्त सुजलेल्या हिरड्यांत जास्त. आजार तोच करतो की आजारी हिरडीत त्याला आयतं घर मिळतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

१९१५ च्या सुमारास अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे डॉ. चार्ल्स बास यांना मात्र खात्री होती, की पायोरियाचा गुन्हेगार हाच. त्यावर एमेटिन नावाचं औषधही दिलं जायचं. पुढे तो उपाय मागे पडला. पण याच बास यांनी नंतर ब्रश करण्याची पद्धत शिकवली. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरका धरायचा आणि हलक्या हाताने छोट्या हालचाली करायच्या. आज डेंटिस्ट शिकवतात ती 'बास पद्धत' हीच.

मला वाटतं, आपलं नेमकं इथेच चुकतं. दात पांढरे दिसावेत म्हणून आपण पैसे घालतो, कारण ते सेल्फीत दिसतात. हिरड्या दिसत नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. वर रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणंच सोडतो. मग किटण साचतं, सूज वाढते आणि भाडेकरूची चंगळ होते. दुर्लक्ष वाढलं तर दाताखालचं हाडही झिजतं, आणि ते सहजासहजी परत मिळत नाही.

तेव्हा उद्या आरशात दातांआधी हिरड्या बघा. नीट ब्रश करूनही आठवडा-दोन आठवडे रक्त येत राहिलं, तर डेंटिस्टकडे जा. खिशाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. आणि बाटली? ती आपली आपण आणलेली बरी.