पॉइंट सोडा, काठ धरा!

मनालीला जाऊन आलेल्या कोणाचाही अल्बम उघडा. हिडिंबा मंदिर, सोलंग, भाड्याचा कोट घालून बर्फात एक फोटो, संपलं! टॅक्सीवाला दहा मिनिटं देतो, आपण फोटो काढतो, की पुढचा 'पॉइंट'. त्याचा दोष नाही, त्याला दिवसभरात ठरलेले पॉइंट उरकायचे असतात. पण मित्रांनो, आपल्याला कसली घाई असते?

माझं मत सरळ आहे. मनालीत एक दिवस तरी भाड्याची स्कूटर घ्यावी आणि गर्दीच्या उलट दिशेने जावं. सगळे वर पळतात. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगद्याचं उद्घाटन झाल्यापासून तर फारच. तीन हजार मीटर उंचीवर नऊ किलोमीटरचा बोगदा ही इंजिनिअरिंगची कमाल, वादच नाही. पण बोगद्यात बघणार काय, दिवे? आपण बियासचा पूल ओलांडायचा आणि डाव्या काठाने खाली नग्गरकडे निघायचं. अंतर वीसेक किलोमीटर. महामार्ग उजव्या काठाने जातो, म्हणून गर्दीही तिकडेच. (जुलै २०२३ च्या पुरात नदीने तो महामार्ग जागोजागी तोडला, तेव्हा हाच दुर्लक्षित रस्ता कामी आला.)

या रस्त्यावर सफरचंदाच्या बागा आहेत आणि जगतसुख आहे, कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. आम्ही दोघी तिथे थांबलो ते एका घराची भिंत बघायला. एक थर देवदारच्या लाकडाचा, एक दगडाचा, पुन्हा लाकूड, पुन्हा दगड. सिमेंटचा पत्ता नाही! या पद्धतीला तिकडे 'काठकुणी' म्हणतात. भूकंपात लाकडाचे जोड थोडे हलतात, दगड थोडे सरकतात आणि धक्का जिरून जातो. नग्गरचा किल्ला असाच बांधलेला आहे आणि १९०५ च्या कांगडा भूकंपातून तो वाचला. सिव्हिलवाल्यांनी तर वही घेऊनच जावं. दारात राजमा वाळत घालणाऱ्या आजींना आम्ही 'नमस्ते' म्हटलं, तर त्यांनी आत बोलावून जाड भिंत आतूनही दाखवली. टॅक्सीच्या खिडकीतून ते घर चार सेकंदांत मागे गेलं असतं. नग्गरलाच निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराचं घर आहे. तो १९४७ साली तिथेच वारला. त्याची चित्रं बघून बाहेर आलं की समोर तेच डोंगर!

आता आमच्या सरांचा आणि घरच्यांचा प्रश्न: "मुलींनी डोंगरात स्कूटर चालवायची?" मुली की मुलं हा मुद्दाच नाही. मुद्दा उताराचा आहे, आणि तिथे त्यांची काळजी खरी आहे. स्कूटरला खालचा गिअर टाकता येत नाही. वेग फार कमी झाला की सेंट्रिफ्युगल क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलसारखी घरंगळते. मग सगळा भार ब्रेकवर. सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक थांबून थांबून वापरा. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग आपल्या हॉस्टेलवर आहेत, त्यांनी कृपया बसने जावं.

दुसरं म्हणजे नंबरप्लेट. भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी शंभर रुपये स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. ती खासगी गाडी. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मागे बसलेल्या मैत्रिणीच्या उपचाराचा खर्च मग कोण देणार? हेल्मेटही दोन मागून घ्या, देताना एकच देतात.

परतीला चढ आहे. मनालीच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने विरळ, त्यामुळे डबलसीट असाल तर स्कूटर दमते. अशा वेळी मागचीने उतरून थोडं चालावं. बागा पुन्हा एकदा बघून होतात.