बंद घर, पण कुणाचं?

आपल्या कर्जत तालुक्यात बंद घरं दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवार ते शुक्रवार कुलूप, शनिवारी दुपारी मुंबईची गाडी, रविवारी संध्याकाळी पुन्हा कुलूप. गेटवर मालकाचं नाव, आत हिरवळ, तिला रोज पाणी. दुसरा प्रकार बघायचा असेल तर दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी कुठल्याही कातकरी वाडीत जा. कुडाचं नाहीतर घरकुलाचं घर, कडीत तार पिळलेली आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून दारात आडवी टाकलेली काटेरी फांदी. हे घर उघडणार ते मे अखेरीला, पावसाच्या तोंडावर.

पहिल्या घरापर्यंत रस्ता जातो, वीज जाते, मोटार लावून पाणी जातं. ते बंद आहे म्हणून कुणी त्याला यादीतून काढत नाही. दुसऱ्या घरासमोर सर्व्हेवाला येतो, फांदी बघतो आणि ‘कुटुंब आढळले नाही’ असं लिहून पुढे जातो. आज त्यावरच लिहायचंय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

विषय डोक्यात यायचं कारण असं की मागच्या महिन्यात मुंबईहून एक तरुण आर्किटेक्ट मुलगी कळंबला आली होती. पदवी घेऊन दोनच वर्षं झालेली, नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चानं फिरते. तिचा विषय ‘स्थलांतर आणि शहरातली जागा’. साध्या भाषेत सांगायचं तर गाव सोडून गेलेला माणूस शहरात कुठं झोपतो, कुठं अंघोळ करतो, त्याचं मूल कुठं खेळतं आणि नकाशे काढणाऱ्यांनी त्याला नकाशात कुठं धरलंय. नाक्यावर चहा पिताना आमच्यातल्या एकानं विचारलंच, “मॅडम, बंगल्यांची डिझाईनं करायची सोडून हे काय धरलंय?” ती म्हणाली, “काका, बंगल्याच्या विटा कुणी पाडल्या तेच शोधतेय.”

आमचा गडी गप्प झाला. मला मात्र तिचं बोलणं डोक्यातून जाईना.

आपल्याकडं आर्किटेक्ट म्हणजे प्लॅन पास करून देणारा माणूस, एवढीच ओळख. पण स्थलांतर हा आर्किटेक्टचा विषय आहे हे याच रायगड जिल्ह्यानं (तेव्हाचा कुलाबा) सगळ्यात आधी अनुभवलंय. 1964-65 च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट आणि शिरीष पटेल हे इंजिनिअर, असे तिघे एक कल्पना घेऊन पुढे आले. कोरिया आणि पटेल तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले. त्यांचं म्हणणं, मुंबईकडं येणारी माणसं थांबणार नाहीत, तेव्हा खाडीपलीकडं नवं शहर उभारून त्यांना जागा करून द्या. ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या जून 1965 च्या अंकात ते छापून आलं. 1970 ला सिडको निघाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

याच कोरियांनी 1968 च्या सुमारास मुंबईच्या फूटपाथसाठीही एक योजना मांडली होती. रस्त्याच्या कडेला ओट्यांची एक रांग बांधायची. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील, संध्याकाळी नळानं ओटे धुवायचे आणि रात्री त्यावर बेघर माणसं झोपतील. फूटपाथवर झोपणाऱ्याला हाकलायचं कसं, हा प्रश्नच त्यांनी घेतला नाही. तो झोपणारच आहे, मग त्याला कोरडी, धुतलेली, चिखलापासून वर असलेली जागा कशी देता येईल, एवढाच विचार केला. मला हे फार मोठं वाटतं. ओटा! आपल्या आजोबांच्या घराला होता तोच.

अर्थात नव्या मुंबईची दुसरी बाजू रायगडच्या माणसाला सांगायला नको. येणाऱ्यांसाठी शहर आखलं, पण त्या जागेवर आधीपासून जी 95 गावं होती त्यांना आपल्याच जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागं रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्क्यांची गोष्ट मार्गी लागली. म्हणून कुणी नवा नकाशा घेऊन आला की मी आधी विचारतो, यात इथला माणूस कुठं दाखवलाय?

आता नकाशे आपल्याकडं आले आहेत. कर्जत-पनवेल लोकलची 29.6 किलोमीटरची मार्गिका, पोशीरच्या धरणाची चर्चा, नेरळपासून कळंबपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला प्लॉटिंगचे बोर्ड. इमारतींवर काम करणारे मजूर बिहार, झारखंड, बंगालकडचे. ते साईटच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत राहतात, एका खोलीत आठ-दहा जण. आपण त्यांना ‘बाहेरचे’ म्हणतो आणि भाडेकरू म्हणून त्यांची नोंद झाली का, एवढंच बघतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते चालत निघाले तेव्हा सरकारला जाग आली आणि त्याच वर्षी शहरांमध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना निघाली. ती शहरांसाठी. आपल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत पत्र्याच्या खोल्या आहेत तशाच आहेत.

पण ‘बाहेरचे’ म्हणताना एक गंमत आपल्या लक्षात येत नाही. आपणही कुणाचे तरी बाहेरचेच आहोत. पहाटेच्या लोकलनं शंभर किलोमीटर सीएसएमटीला जाणारा कर्जतकर रोज थोडं स्थलांतर करतोच. आणि आपला कातकरी तर भिवंडी, कल्याण, पनवेल, पेणच्या वीटभट्टीवर सात महिने ‘बाहेरचा’ असतो.

भट्टीचं गणित अनेकांना माहीत आहे, पण नव्या वाचकांसाठी सांगतो. पावसात, लावणी झाल्यावर, हाताला काम नसतं. घरात आजारपण निघतं, सण येतात. तेव्हा भट्टीवाला किंवा त्याचा मुकादम वाडीत येतो आणि बयाणा देतो. दिवाळीनंतर टेम्पो येतो, कोंबड्या, भांडी, म्हातारी, पोरं सगळं त्यात भरून कुटुंब जातं. काम हजार विटांच्या हिशेबानं, नवरा-बायको जोडीनं. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब शेवटी. तो बऱ्याचदा असा निघतो की पुढच्या वर्षी परत यावंच लागतं. असल्या उचलीवर माणूस बांधून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. स्थलांतरित मजुरांसाठी 1979 चा जो कायदा आला तो परराज्यातून आणलेल्यांसाठी होता. कर्जतहून भिवंडीला गेलेला कातकरी त्यात बसतच नव्हता.

तिथं राहायचं कुठं? भट्टीवर तुटक्या, कच्च्या विटा एकमेकांवर रचून, वर गवत नाहीतर प्लास्टिक टाकून खोपी करतात. ठाण्याकडं तिला भोंगा म्हणतात. उभं राहता येत नाही, वाकून आत जायचं. नव्वदच्या दशकात विधायक संसदेनं भट्ट्यांवर मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना नावच ‘भोंगाशाळा’ पडलं. दुसऱ्यांच्या भिंतींसाठी हंगामभर विटा पाडणारं कुटुंब बिनजोडाच्या विटांच्या आडोशाला झोपतं. त्या मुलीनं तिच्या वहीत या खोपीचं चित्र काढलं होतं, मापं लिहून. मला तिचं कौतुक वाटलं ते तिथं. कणव वगैरे बाजूला ठेवून तिनं आधी टेप लावली.

आता घरकुलाकडं येतो, कारण खरी गोम इथं आहे.

महाराष्ट्रात केंद्राच्या यादीप्रमाणं विशेष असुरक्षित आदिवासी जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी 15 नोव्हेंबर 2023 ला पीएम-जनमन योजना सुरू झाली. घराला दोन लाख रुपये, टप्प्याटप्प्यानं. जोतं झालं की फोटो, मग पुढचा हप्ता. भिंती झाल्या की फोटो, मग त्याच्या पुढचा. कागदावर चांगली योजना आहे, आणि काही वाड्यांत घरं उभी राहिलीही आहेत, ते नाकारायचं नाही.

पण कॅलेंडर बघा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस असा की जोतं खणलं तर तळं होईल. बांधकाम करायचं ते ऑक्टोबर ते मे. आणि कातकरी घरी नसतो तेही नोव्हेंबर ते मे. म्हणजे घर बांधायचा हंगाम आणि वीट पाडायचा हंगाम एकच. घरकुल मंजूर झालेला माणूस बांधकामावर थांबला तर बयाणा अंगावर येतो. भट्टीवर गेला तर जोत्याचा फोटो कोण काढणार, आणि वाळू-सिमेंटवर लक्ष कोण ठेवणार? मग गावातला कुणीतरी ‘मी बांधून देतो’ म्हणतो, पासबुक स्वतःकडं ठेवतो, आणि पुढं काय होतं ते तुम्ही बघितलंय. मला एका वाडीत एकानं सांगितलं, “भाऊ, घर मंजूर झालं तवा मी भट्टीवर, न् घर पडाया आलं तवा बी भट्टीवरच.” कार्यालयात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: लाभार्थी जागेवर नसतो, आम्ही काय करणार? माझा उलटा प्रश्न असा की लाभार्थी कधी जागेवर असतो हे अख्ख्या तालुक्याला माहीत असताना सर्व्हे आणि हप्ते त्याच महिन्यांत का लावत नाही? गणपती ते दिवाळी तो वाडीतच असतो. सर्व्हे, कागद, बँकखातं, मोजणी सगळं तेव्हा उरका. आणि पहिला हप्ता बयाण्याच्या आधी हातात पडू द्या. भट्टीवाला श्रावणात पैसे घेऊन दारात येतो, सरकार डिसेंबरात येतं. कोण जिंकणार?

यातच जमिनीचा घोळ. अनेक कातकरी वाड्यांच्या खालची जमीन त्यांच्या नावावर नाही. कुळ-मालकाच्या, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरं. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणी बोललं नाही. आता कुंपण पडतंय, वाडीची वाट बंद होतेय. आपल्या कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं, वाड्यांचे नकाशे लोकांबरोबर बसून काढले, गावठाण मिळावं म्हणून अर्ज केले. राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक 2013 मध्ये आलं. जमीन महसूल संहितेत गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेच. नवा कायदा लागत नाही, सही लागते. आणि सात महिने बंद असलेल्या घराची वाडी ‘ओसाड’ आहे असं दाखवणं मालकाला सोपं जातं, हेही लक्षात ठेवा.

म्हणून मला जनगणनेची काळजी आहे. 2011 नंतर मोजणीच झाली नाही. आता ठरलेलं वेळापत्रक असं: घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात, त्यात प्रत्येक राज्याला तीस दिवस, माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, आणि हिशेबाची तारीख 1 मार्च 2027. फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. वाडीत गणक येईल तेव्हा दाराला फांदी असेल. भट्टीवर गणक गेला नाही, किंवा गेला आणि भट्टीवाल्यानं ‘इथं कुणी राहत नाही’ सांगितलं, तर हे कुटुंब दोन्हीकडं नाही. आणि भट्टीवर मोजलं गेलंच, तरी कळंबची एखादी वाडी कागदावर अर्धी होईल. पुढची दहा वर्षं अंगणवाडी, पाणी, रस्ता, आदिवासी उपयोजनेचा निधी, प्रत्येक ठिकाणी तोच आकडा पुढं येणार. तिकडं शनिवार-रविवारच्या बंगल्याची मात्र घरयादीत रीतसर नोंद होईल.

भट्टीला परवानगी देताना तहसील कार्यालय माती ब्रासमध्ये मोजतं आणि स्वामित्वधन भरून घेतं. त्याच अर्जात किती कुटुंबं येणार, त्यांना राहायला काय, पाणी कुठून, संडास किती, हे विचारायला काय हरकत आहे? आर्किटेक्ट लोकांना इथं करण्यासारखं खूप आहे. बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना प्लॉटवर जोतं, संडास आणि नळ एवढंच पक्कं दिलं, बाकीचं घर लोकांनी ऐपतीप्रमाणं वाढवलं. भट्टीवर तेवढंही नको. वीटभर उंच ओटा, वर पत्रा, एक नळ, दोन संडास. हंगाम संपला की पत्रा काढून ठेवायचा, ओटा पुढच्या वर्षी आहेच. त्या मुलीला मी हेच म्हटलं की तुझ्या वहीतल्या मापांवरून एक कागद तयार कर, मी तो तहसीलदारांच्या टेबलावर ठेवतो.

आणि वाचणाऱ्यांपैकी जे शिक्षक आहेत, अंगणवाडीताई आहेत, ग्रामपंचायत सदस्य आहेत, त्यांना एक विनंती. गणक तुमच्यातूनच नेमले जाणार आहेत. तुमच्या वाडीतलं कोणतं कुटुंब कुठल्या तालुक्यात, कुठल्या भट्टीवर जातं, सोबत मुलं किती, याची एक साधी वही दिवाळीच्या आत करून ठेवा. मुलांचं शिक्षण हमी पत्रक तेव्हाच हातात द्या, रेशन कार्ड सोबत न्यायला सांगा, कारण कार्डावरचं धान्य आता दुसऱ्या तालुक्यातही मिळतं. मी माझ्या बाजूच्या तीन वाड्यांची वही सुरू केली आहे. तुमची कुठली वाडी, ते खाली लिहा.